ताईकडे जाण्याचा तुलनात्मक तक्ता

३ मार्च, सोमवार
सकाळी भाचीचा फोन. ताईची स्मरणशक्ती झपाट्याने जातेय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांनी आत्ताच भेटून घ्यावं. भाची म्हणाली, मामा, तिला तू अजून आठवतोस, रोज विचारते, ढब्बू कधी येणार.
ढब्बू म्हणजे मी. वय एकोणसाठ, वजन चौपन्न किलो, हुद्दा खरेदी विभागाचा मुख्य कारकून.
निर्णय झाला. जायचं. याच आठवड्यात. कसं जायचं, तेवढं ठरवायचंय. एकतीस वर्षांत ऑफिससाठी तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय साधा स्टेपलर घेतला नाही. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत हयगय होणे नाही.

४ मार्च
तक्ता तयार. रेल्वे: चौदा तास, सातशे ऐंशी. बस: अकरा तास, नऊशे, शिवाय कंबर. विमान: सव्वा तास, चार हजार दोनशे, पण उतरल्यावर पुन्हा तीन तास टॅक्सी. कंबर कुठल्या रकान्यात धरावी हा पेच होता. ‘शेरा’मध्ये टाकली.
बायको म्हणाली, उद्या सकाळची गाडी धर आणि जा. तिला खरेदीतलं काही कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार
विमान तीन हजार आठशेवर आलं. ऑफिसातल्या टायपिस्टबाई म्हणाल्या, मंगळवारी दुपारी आणखी उतरतं. मंगळवारपर्यंत थांबणं हाच शहाणपणा. भाचीला कळवलं, काम अंतिम टप्प्यात आहे.
तिने फोन ताईला दिला. ताई म्हणाली, ढब्बू, सर्दी गेली का रे? गेली म्हटलं. हवापाण्याचं बोललो. मग ताई म्हणाली, ढब्बू, सर्दी गेली का रे? पुन्हा गेली म्हटलं. दुसऱ्या वेळी माझा आवाज नीट गेला नसावा. रेंजचा प्रॉब्लेम.

११ मार्च, मंगळवार
विमान चार हजार सहाशे! टायपिस्टबाईंवर यापुढे विश्वास ठेवायचा नाही.
जेवणाच्या सुट्टीत जातीने रेल्वेच्या खिडकीवर गेलो. रांगेत माझ्यापुढे भावोजी उभे होते.
भावोजी म्हणजे ताईचे यजमान. तोच तपकिरी स्वेटर, मान तशीच डावीकडे कललेली. भावोजींना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा ते नव्हते हे उघड आहे. भूतबित मी मानत नाही. मला बी-ट्वेल्व्ह कमी पडत असणार.
रांग फार लांब असल्यामुळे परत आलो. माझ्यापुढे एकूण दोन माणसं होती, त्यातले एक भावोजी.

१५ मार्च
बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणल्या. तीन दुकानांत भाव विचारून.
भावोजींचा विषय निघालाच आहे तर नोंद करून ठेवतो. त्यांच्या आजारपणातही मी जायचं नक्की केलं होतं. एकोणीस दिवस दर बघितले. विसाव्या दिवशी खरोखरच अकराशेने स्वस्त तिकीट मिळालं. लगेच घेतलं. त्याच दुपारी भाचीचा फोन आला. आता घाईत जाऊन उपयोग नाही, असं मी सगळ्या बाजूंनी विचार करून ठरवलं आणि तिकीट रद्द केलं. पूर्ण पैसे परत मिळाले. नियम पाठ असल्याचा हा फायदा.
ताईने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. म्हणजे तिला पटलं असणार.

२० मार्च, गुरुवार
ट्रॅव्हल एजंटकडे. कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर एका खोलीत बसतो. त्याने विचारलं, तारीख कोणती टाकू? मी म्हटलं, आधी सगळे पर्याय दाखवा. त्याने दाखवले. मी म्हटलं, आणखी. मागे कुणीतरी दोनदा खाकरलं. भावोजी बोलण्याआधी खाकरायचे तसं. वळून बघितलं तर भिंत, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर.
एजंट म्हणाला, साहेब, तुम्हाला नक्की जायचंय ना?
धंद्याची रीत नाही ही. तडक उठून आलो. जिन्यात मागे वळून बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच.
गोळ्यांचा गुण यायला महिना लागतो म्हणतात.

२६ मार्च
ताईला फोन, स्पीकरवर. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, ढब्बू. ती गप्प. मग म्हणाली, हां हां, ढब्बू, कसा आहेस? म्हणजे ओळखलं. जरा वेळ लागला इतकंच. वयाप्रमाणे लागायचाच.
बायकोचं म्हणणं, भाची मागून हळूच सांगत होती, तिला स्पष्ट ऐकू आलं. बायकोला नको ते बरोबर ऐकू येतं. वर म्हणाली, तुला भाड्याची नाही, ताईच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते. मी तिला बसचे नवे दर दाखवले. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि भांडी जरुरीपेक्षा जोरात घासत राहिली.

२ एप्रिल, बुधवार
दुपारी दोन वाजता, लख्ख उजेडात, भावोजी माझ्या टेबलासमोर बसले होते. माल पुरवणारे लोक बसतात त्या खुर्चीवर. मी तक्त्यात एप्रिलचे दर भरत होतो. ते उलट्या बाजूने वाचत होते. रागावलेले वगैरे नव्हते. माणूस स्वभावाने गरीबच होता. नुसते एकेक ओळ वाचत होते, आणि ‘शेरा’पाशी येऊन थांबले.
शिपाई आत आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. मी त्याच्याकडून तीवर जुन्या फायली रचून घेतल्या. कमरेइतक्या. आता कुणालाच बसता येणार नाही.
नवा संकल्प: १५ तारखेच्या आत बुकिंग. काहीही होवो.

९ एप्रिल, बुधवार
बायकोने परस्पर तिकीट काढलं. रेल्वे. उद्या सकाळी सहाची. पूर्ण भाड्याचं! एकही दरपत्रक न मागवता! बॅग भरून दारात ठेवली आहे. मी म्हटलं, हा प्रक्रियेचा भंग आहे. ती म्हणाली, हो.
आणीबाणीच्या तरतुदीखाली मंजूर केलं. तसं बघता उद्यापरवा मी हेच करणार होतो.

११ एप्रिल, शुक्रवार. ताईकडे.
काल चौदाचे सोळा तास झाले. पोचलो तेव्हा ताई झोपली होती. आज सकाळी चहा झाल्यावर भाची तिच्या खोलीत घेऊन गेली.
ताई खिडकीशी बसली होती. केस बारीक कापलेत. मला बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, या, बसा.
जन्मात कधी तिने मला ‘या’ म्हटलेलं नाही.
बसलो. प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला, म्हणाली. नाही म्हटलं. भाची म्हणाली, आई, हा मामा गं. तुझा ढब्बू. ताई हसली. चल, काहीतरीच, ढब्बू एवढा म्हातारा कुठला! माझी क्षमा मागितल्यासारखं बघितलं.
भाची बाहेर गेल्यावर ताईने खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, “माझा धाकटा भाऊ यायचाय. त्याला उशीर होतो. आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकवत नाही हो त्याला. आमची आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता, दिवसभर पलंगाखाली लपून बसला. मीच ओढून काढला. हे गेले तेव्हाही आला नाही. सगळे बोलायला लागले. मी सांगितलं, माझ्या भावाला कुणी एक शब्द बोलायचा नाही.”

मग तिने विचारलं, “तुम्ही ओळखता का त्याला?”
थोडंफार, म्हटलं.
“मग भेटला तर सांगा, म्हणावं, घाबरायचं काही नाही इथे. नुसतं बसायचं.”
सांगतो म्हणालो.
तिथेच बसून राहिलो, ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती तोपर्यंत. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं. नळ बराच वेळ चालू राहिला. पाणी किती गेलं ते बघितलं नाही.