ताईचं रक्त

घटकाभरानेच मोठ्या माझ्या ताईस,

माझ्या कोपरांवरचे खवले आता पाठीवर पसरलेत. संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्हा जुळ्या बहिणींची जनुकं सारखीच. तुमच्यातली काही जागी झाली, ताईंची झोपलेलीच राहिली. का, ते त्यांच्या रक्तातून कदाचित कळेल.”

“तिचीही जागी होतील?”

“सांगता येत नाही.”

मी बोलावलं की तू धावत येशील आणि हे ऐकून रोज अंग चाचपत बसशील. न बोलवावं, तर माझ्या दुखण्याचं मूळ कळायचं कसं? एकाच पोटात वाढलो, मग मलाच असं काय झालं? डोकं चालेनासं झालंय.

शेवटी बाईंना खोटंच सांगितलं, “ताई परदेशात असते.”

घरी आले, तर तू दारात. पाठीवर माझा हात पोचत नाही, तिथे तू मलम लावलंस. बाईंचं बोलणं तुला सांगितलं नाही; हे पत्रही देणार नाही.

तुझीच,
धाकटी