ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी अलार्म

आई, तू गेलीस तेव्हा मी शिकत होते, त्यामुळे पोटासाठी मी काय करते ते तुला ठाऊकच नाही. मोठमोठ्या इमारतींतला आगीचा अलार्म वाजतो की नाही, हे तपासत फिरते. लांब काठीच्या टोकाला धुराचा डबा लावायचा, छतावरच्या डिटेक्टरला जरासा धूर द्यायचा आणि इमारत बोंबलायला लागली की काम झालं. लहानपणीच्या तापात कान गेलेल्या बाईची लेक आवाजाच्या धंद्यात पडली म्हटल्यावर तू पोट धरून हसली असतीस. तू भाकरी थापत असताना मी मागून काही बोलले आणि तुला नुसतं जाणवलं, तरी डाफरायचीस, "तोंड इकडं करून बोल गं. पाठीला कान हायेत व्हय मला?"

गेल्या महिन्यात नगरजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात गेले होते. भरदुपारी धूर दिला, भोंगे सुरू झाले आणि मुली जिन्यांवरून लोंढ्यानं खाली आल्या. इतकी वर्षं बघतेय, तरी अंगावर काटा येतो बघ. चिमूटभर धूर, आणि एवढी सहा मजली इमारत अंगणात येऊन उभी राहते. वॉचमनमामा प्रत्येक मजल्याच्या जिन्यातून ओरडून आले आणि म्हणाले, "समद्या खाली हायेत म्याडम. कुनी राह्यलं का म्हून वरडलो, कुनी ओ दिली न्हाई." आपल्याकडं सगळीकडं हीच रीत. पण तुझ्या हाताखाली वाढलेलीला ती कशी पटावी? मी वर गेले. चौथ्या मजल्यावर एक मुलगी दाराकडं पाठ करून बसलीय. बाहेर भोंगा किंचाळतोय, माझे कान फुटायची पाळी आलीय, आणि ही बया शांतपणे पट्टी धरून ड्रॉइंगची रेघ मारतेय. एकदम हात लावला तर दचकेल, म्हणून टेबलाच्या कडेवर टकटक केलं. तिनं वळून बघितलं. तिची खोलीतली पार्टनर गावाला गेली होती, एरवी तीच हिला हलवून उठवायची.

रेक्टरबाई घाबरल्या. म्हणाल्या, "मग तिला दुसरीकडं सोय बघायला सांगते. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" पोरगी पारनेरकडच्या खेड्यातली, वसतिगृह सुटलं की कॉलेजही सुटलं. ती बाईंच्या ओठांकडंच बघत होती, तिला सगळं कळलं. तिचं तोंड एवढंसं झालं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "खोली नका काढून घेऊ, तिला कळेल असा अलार्म बसवू. मी बसवते." त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर चालला तर राहील. नाहीतर माझा नाइलाज आहे."

पुढच्या खेपेला दारावर लखलखणारा दिवा लावला आणि तिच्या उशीखाली थरथरणारी चकती ठेवली. तिला सांगितलं, डोळे मिटून पड, कधी वाजवणार ते सांगणार नाही. रेक्टरबाई दारात उभ्या. मी धूर दिला. चकती थरथरली मात्र, पोरगी उठून बसली, चपला सरकवल्या आणि आम्हा दोघींना बाजूला सारून जिना उतरायला लागली. बाकीच्या खोल्यांत अजून काय झालं, काय झालं चाललं होतं. रेक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे तिला इथंच." आणि त्याही खाली गेल्या.

मी तिच्या कॉटवर बसले. मावशी सांगायची ते आठवलं, की मी झोळीत असताना तू झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायचीस. मी जरा हातपाय झाडले की तू उठलेली. तुला हे कुणी सुचवलं असेल गं? माझं रडणं तू अंगठ्यानं ऐकायचीस. एवढी अलार्मची यंत्रं हाताळली मी, पण या दोरीचं नवल अजून ओसरत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, माझ्याचजवळ राहील. एकच सांगते, कुणाला बोलले नाही. तू असताना मी पदर ओढायचे, पुढ्यात येऊन उभी राहायचे. लांबून हाक कधी मारली नाही, उपयोगच नव्हता. त्या दिवशी भोंगा बंद केला आणि त्या रिकाम्या मजल्यावर मोठ्यांदा "आई" म्हणून ओरडले. माझ्या आवाजात ती हाक कशी लागते, ते मला चाळिशीत कळलं.