माझं मला

ता. ३, सोमवार

आले एकदाची, जुन्या दुखण्यांच्या या आरोग्यकेंद्रात! टॅक्सीवाल्याने पिशव्या पार खोलीच्या दारापर्यंत आणून दिल्या. खोली अशी की आमच्या कारखान्यातल्या बायकांनी पाहिली तर म्हणतील, दुखणं असावं तर असं. दोन खाटा, मोठी खिडकी, बाहेर हिरवळ, न्हाणीघरात धरायला दांडे. उशी तेवढी दगडासारखी आहे. धाकटीने घरची उशी बांधून दिली होती म्हणून बरं.

धाकटी म्हणजे माझी बहीण. आई गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. कपडे शिवायच्या कारखान्यात मी कापणारी आहे. कापडाचे थर रचून मोठ्या कात्रीने कापायचे. ते करता करता उजवा खांदा कामातून गेला. तपासण्यांत काही निघत नाही, आणि निघत नाही म्हणजे दुखणं नाहीच, असं तोंडावर म्हणणारे खूप भेटले. धाकटीने मात्र कधी शंका घेतली नाही. रोज संध्याकाळी ती खांद्यामागची गाठ अंगठ्याने दाबते, आणि तिला ती न बघता सापडते. बरी झाले की हीसुद्धा आपल्या वाटेने जाईल का, असं कधीकधी मनात येतं. असो.

शेजारच्या खाटेवर एक बाई आहे. सारखी हसते. मी तिचं नाव हसरी ठेवून टाकलं.

ता. ४, मंगळवार

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आज छान समजावलं. जखम भरून आली तरी शरीराची घंटा वाजत राहते, तिचं बटण अडकलेलं असतं. दुखणं खोटं नाही, घंटा खरोखरच वाजते, पण दर वेळी आग लागलेली नसते. म्हणून बऱ्या दिवशी उड्या मारायच्या नाहीत आणि वाईट दिवशी खाट धरायची नाही. थोडं काम, थोडा आराम, रोज सारखंच. ऐकून मला रडूच आलं. इतकी वर्षं हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

इथली एक रीत आहे. जोडीजोडीने समोरासमोर खुर्च्यांवर बसायचं. एकीने आपलं दुखणं सांगायचं, मग दुसरीने तेच स्वतःचं असल्यासारखं सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्याची धास्ती कमी होते म्हणे. शेवटी जिचं दुखणं तिने म्हणायचं, माझं मला. हे दोन शब्द चुकवायचे नाहीत, असं बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, बाई गं, उसनं दिलेलं वेळेवर परत घेतलेलं बरं.

माझी जोडी हसरीशी लागली.

ता. ६, गुरुवार

हसरीचं इथे फार कौतुक. स्वयंपाकी तिच्या वाटीत हात सैल सोडतो, बाई तिच्या पाठीवर थोपटतात. तिचा म्हणे गुडघा दुखतो. सांगते मात्र पाठ केलेल्या धड्यासारखं. कधी डावा गुडघा, कधी उजवा.

माझं दुखणं तिने असं सांगितलं की सगळ्या जोड्या आपलं सोडून तिचंच ऐकत राहिल्या. माझेच शब्द होते. खांद्यात खुंटी ठोकलीय आणि तिच्यावर कुणी ओला कोट टांगलाय, दिवसभर उतरवतच नाही. मी सांगते तेव्हा लोक जांभया देतात, हिने सांगितलं तर बायकांनी डोळे पुसले. दुखणं माझं आणि वाहवा हिची! जेवण गेलं नाही.

ता. ९, रविवार

धाकटी आली. मलम आणलं होतं. गाठ दाबून देताना हसरी टक लावून बघत होती, आणि तिचं हसू पहिल्यांदाच उतरलेलं दिसलं. तिला भेटायला कुणी येत नाही. कधीपासून इथे आहे, हेही धड सांगत नाही.

धाकटी पडली मऊ मनाची. जाताना हसरीचाही हात हातात घेऊन बसली. मला ते मुळीच आवडलं नाही. अनोळखी बाईला एवढा लळा कशाला लावायचा?

ता. १०, सोमवार

आज गंमत झाली. हसरीने माझं दुखणं सांगून संपवलं. मी ते दोन शब्द म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, अहो, ओला कोट टांगायच्या आधी पिळायचा तरी! मी अशी हसत सुटले की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात चहा आला, सगळ्या उठल्या. शब्द राहूनच गेले.

जाऊ दे. दोन शब्दांनी काय आभाळ कोसळतंय?

ता. ११, मंगळवार

दुखत नाही!

हात डोक्यावर नेला, वेणी घातली, खिडकी पुसली. उड्या मारायच्या नाहीत म्हणतात, पण मारल्या. हसरी भिंतीकडे तोंड करून पडली आहे, उजवा हात छातीशी धरून. मी कुणाला काही बोलले नाही. बोलले आणि ते परत आलं तर?

ता. १३, गुरुवार

चहा सांडला. हात लाल झाला, फोड आला, आणि मला कळलंच नाही. टाचणी टोचून पाहिली. खांद्यापासून बोटांपर्यंत काही नाही. घंटा बंद झाली ती कायमचीच.

सकाळी बाई प्रत्येकीला विचारतात, आज किती दुखतंय? आज त्यांनी मला विचारलंच नाही. हसरीच्या खाटेपाशी मात्र किती वेळ बसल्या होत्या. शेकायची पिशवी तिला, मऊ उशी तिला. ती उशी माझी आहे. घरून आणलेली.

ता. १६, रविवार

धाकटी आली. दारातून सरळ हसरीच्या खाटेकडे गेली. मला वाटलं, विचारपूस करून येईल.

ती बसली. बोलता बोलता तिचा अंगठा हसरीच्या पाठीवर फिरला आणि खांद्यामागे थांबला. न बघता. मग तिने विचारलं, ताई, इथेच ना गं?

ताई म्हणाली तिला.

हसरीने मान हलवली, डोळे मिटले, आणि तो खुंटीचा, ओल्या कोटाचा धडा सांगितला. धाकटी रडली. मी हाक मारली तेव्हा तिने वळून पाहिलं, जसं फलाटावरच्या परक्या माणसाकडे पाहतात तसं. माझ्या पोटात नुसती आग पडली आहे. आग तरी म्हणतेय सवयीने. काही जाणवत नाही.

ता. १७, सोमवार

खुर्चीवर बसले आणि ओरडून म्हटलं, माझं मला, माझं मला. हसरी म्हणाली, दिलेलं कुणी परत मागतं का? बाई शांतपणे म्हणाल्या, तुमचं असेल तर आधी सांगा, कसं दुखतं ते.

सांगायला तोंड उघडलं. खुंटी म्हणाले. पुढचे शब्द आठवेनात. कोट कसला, कुणी टांगला, काही म्हणजे काहीच—

ता. १९, बुधवार

पाय पण गेले. चालते, पण फरशी लागत नाही. वाटीत हात सैल सोडणारा स्वयंपाकी माझ्या समोरून नुसताच—

हसरीचा गुडघा खोटा होता. तिला काही दुखतच नव्हतं. ती इथे कुणाची तरी वाट बघत बसली होती. जिच्याकडे बहीण आहे अशा—

ता. २३, रविवार

नेलं. धाकटीने तिला घरी नेलं. कोपराला धरून, एकेक पायरी, माझी उशी काखेत.

मी आडवी गेले. सांगितलं, अगं मी, तुझी ताई मी. धाकटी घाबरली नाही, चिडली नाही. पडली ना मऊ मनाची. माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुम्हाला कुठं दुखतंय, मावशी? सांगा ना.

तुम्ही म्हणाली. मावशी म्हणाली.

कुठंच नाही गं. कुठंच—

हसरीने मागे वळून पाहिलं. ती हसत नव्हती. आता तिला हसायची गरजच काय?

ता. २४, सोमवार

शेजारच्या खाटेवर नवी आली. कंबर दुखते. धाकटा भाऊ पिशव्या उचलून आला, तिला बसवलं, पाठीशी उशी लावली, चपला काढून ठेवल्या. किती जपतो! कोण एवढी लागून गेली ही?

मी हसले. तिला बरं वाटलं. सारख्या हसता तुम्ही, म्हणाली.

माझी जोडी तिच्याशी लागली आहे. मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. डावा.

बोलावलं. बोटांत पेन आहे की नाही, बघूनच कळतं. चहा यायची वेळ झाली आहे आणि एक चांगला विनोद आठवलाय. तिने तोंड उघडलं की लगेच, ती माझं मला म्हणायच्या आत मी—