नारंगी तोंडाची बंदूक

११ नोव्हेंबर २००१, ऊर्जानगर

वीजकेंद्रात फर्स्ट शिफ्ट. अंगभर राख. घरी आलो तर कपाट उघडं, बंदुकीचा खोका रिकामा. सौ. शांतपणे भाजी चिरत म्हणाली, "विलासनं नेली आरमोरीले. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात पाह्यजे होती. खेळणंच तं आहे."

खेळणं! नागपूरचं गेम पार्लर बंद झालं तेव्हा मालकाच्या मागे लागून लागून मिळवली. खरे नट घेऊन शूटिंग केलेला काऊबॉय गेम, कार्टून नाही. पोस्टर, मशीनवरची काच, घरी खेळायची सीडी आणि तिच्यासोबतची ही बंदूक. खेळणं म्हणून ओळखू यावं यासाठी नारंगी तोंड, एक ओरखडा नाही. असा पूर्ण संच अख्ख्या विदर्भात कोणाकडे असेल तर दाखवा. आणि आता ती कुण्या खलनायकाच्या घामट हातात. शी.

१३ नोव्हें.

साळ्याला, विलासला फोन. "टेन्शन नका घेऊ भाऊजी, जपून ठेवली." मागच्या साली नेलेली माझी छत्री अजून जपूनच आहे.

१६ नोव्हें., आरमोरी

भाऊबीज. सौ.ला घेऊन आलो, खरं तर बंदुकीसाठी. शाळेमागच्या मांडवात दुपारची तालीम. विलासनं बंदूक पुढे केली. काळी. तोंडासकट काळी! बैलबंडीला लावून उरलेला ऑइलपेंट, ब्रशाचे केस तसेच चिकटलेले. "नारंगी पाहून पब्लिक हासन ना, भाऊजी. आता अस्सल वाटते का नाई?"

 सगळ्या मंडळासमोर नाही नाही ते बोललो.

तरी तालीम झालीच. खलनायक बंदूक रोखून मांडवाबाहेर पळाला. समोरून धानोऱ्याकडच्या नक्षली भागातली एक बाई येत होती, विलासकडे धान कापायला आलेली. तिनं डोक्यावरचा भारा टाकला नि दोन्ही हात वर केले. "मारू नका बापू. मी कोणालेच काई सांगतलं नाई."

एक-दोघं हसले. मग तेही थांबले. विलास म्हणाला, "नाटक आहे वं बाई." तिचे हात खाली येईनात.

आणि मी इतका वेळ पेंटसाठी बोंबलत होतो. स्वतःचीच किळस आली.

१८ नोव्हें.

बंदूक आणली नाही. काळी बंदूक पिशवीत घालून एस्टीत कोण बसणार? नाक्यावर पोलीस पिशव्या उघडतात. विलासच्या धान साठवायच्या ढोलीत पडली आहे. नाटकात आता कुऱ्हाड घेणार म्हणे.

२५ नोव्हें.

टर्पेंटाइन आणलं. बाटली रिकाम्या खोक्याशेजारी ठेवली.

सीडी लावून बसलो. बंदूक नसली की गेम आपला आपण थोडा चालून दाखवतो. काऊबॉय, अजून एक काऊबॉय, मग दारातून हात वर केलेली बाई. हिला मारायचं नसतं. मारलं की आपला एक जीव जातो. इतकी वर्षं हिला मधली कटकट समजत आलो, चेहरा आज पाहिला. बंद केलं.

विलासचा फोन. "येत्या रविवारी ट्रॅक्टर येऊन राह्यला तिकडं, भाऊजी. धानाच्या तणसात घालून आणू का बंदूक?"

नंतर सांगतो म्हटलं. सौ. दोनदा विचारून गेली, विलासला काय सांगितलं म्हणून.