बोटभर खाली आलेलं छत

मंगळवार, संध्याकाळ

पिकअपवर बसवलेल्या आमच्या छोट्या घराचं उचलायचं छत आज पुन्हा बोटभर खाली आलं. इतकी वर्षं एकदा वर केलं की वरच राहायचं. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, बंद पडलेल्या लूमची, म्हणजे यंत्रमागाची, धोटा फेकणारी काठी टेकू म्हणून लावली. त्याच्या घरी कशालाही तीच काठी लावतात. म्हणाला, "जन्मभर झटके खाल्लेत हिने, छताचं काय घेऊन बसलीस?" पण झटके खाणं वेगळं आणि रात्रभर वजन पेलणं वेगळं, नाही का?

उद्या सहलीला निघायचंय. छताला लागून असलेल्या वरच्या बिछान्यावर आमची लेक मुक्ता झोपणार, तिचा हट्टच आहे.

मघाशी परत जाऊन पाहिलं. अजून बोटभर. काठी वाकलेली. सुधीरला दाखवलं. त्याने वर चढून मुक्ताची उशी खाली आणली आणि तिथे स्वतःची ठेवली.