बगळाभगत

सेक्टर २, भिलाई
३ डिसें. १९६१, रवि.
मांडवात कीर्तन. दुर्गचे बुवा. बगळाभगत म्हणजे काय ते साभिनय सांगितलं. तळ्यात एका पायावर उभा, डोळे मिटलेले, ध्यान सारं मासोळीवर. बाया हसून बेजार. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. घरी येऊन जपाची माळ खुंटीला टांगली, न जेवता निजल्या.

५ डिसें.
माळ खुंटीवरच. पहाटे त्यांचं "नारायण, नारायण" ऐकू येत नाही तर घर कसं सुनंसुनं. ह्यांना सांगितलं. थंडी बाधली असेल म्हणाले, सायकल काढली नि प्लांटला.

६ डिसें.
शेजारच्या वर्माबाई आल्या. रविवारी नव्या देवळात मूर्ती बसणार, पहिलं भजन अम्मांनीच, म्हणजे सासूबाईंनीच धरायचं, एवढं नामस्मरण सेक्टरात कोणाचं आहे? सासूबाई नाही म्हणाल्या. वर्माबाई वाकल्या तर पाय ओढून घेतले. मग मोरीवर भांडी घासत बसल्या. घासलेलीच.

७ डिसें.
दुपारी अंगणात गहू निवडत होतो. आपणहून बोलल्या. मामंजींचं नाव नारायण. रेल्वेत होते, दुर्ग लाइनीवर. ते होते तोवर नवऱ्याचं नाव घ्यायची चाल नव्हती. गेल्यावर बहिणीनं माळ दिली, देवाचं नाव घे म्हणाली.

"देवाच्या आडून मी त्यायलेच हाका मारून राहिली. लोक पाया पडतेत. मंग बगळाभगत मीच ना वो?"

म्हटलं, "आई, बगळा मासोळ्या खाते. तुमी कोनाचं काय खाल्लं?"

गहू निवडतच राहिल्या. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग हळूच, "नाव तं देवाचंबी तेच हाय. पन त्याले समजत असन न, हाक कोनाले हाय ते."

त्यांचा हात धरून बसले. इतकी वर्षं एका घरात, असा कधी धरला नव्हता.
ह्यांना सांगितलं नाही.

१० डिसें., रवि.
मूर्ती बसली. वर्माबाई पुन्हा बोलावून गेल्या. सासूबाई धुवट लुगडं नेसल्या, दारात थांबल्या. "जाऊ का वो?"
"तुमच्या मनानं, आई."
हे पुढे गेले. मी चुलीवरचं उतरवून हे लिहीत बसले आहे. तिकडे टाळ सुरू झाले. सासूबाई अजून पायरीवरच आहेत, चपला घालून. ओठ हलताहेत. इथून ऐकू येत नाही.