परत आलेल्या शेंगा

प्रिय नोएमी,

हे पत्र मी या खोक्यातल्या जेलीच्या बाटलीभोवती गुंडाळून वर कागद लावतेय, तुझ्या वडिलांच्या नजरेला पडायला नको म्हणून. जेली आपल्या कुंपणावरच्या निवडुंगाच्या बोंडांची आहे, यंदाही लालभडक झाली. इथे टूसॉनच्या वाळवंटात ऑक्टोबर लागला तरी ऊन हटत नाही. लाव्यांचं बिऱ्हाड मात्र रोज सकाळी अंगणात हजर असतं. अकरा पिल्लं होती, आता आईएवढी झालीत. पापा त्यांना दाणे टाकतात, अर्ध्या तासाने पुन्हा टाकतात. वर मलाच दटावतात, "अगं ओर्तेन्सिया, पाखरं सकाळपासून उपाशी आहेत!"

आपला कुत्रा पिंतो गेला हे तुला फोनवर सांगितलं, पण कसा ते नाही. फोन पापांच्या खुर्चीशेजारीच असतो ना. पावसाच्या दिवसांत संध्याकाळ झाली की कुत्र्याचं पाण्याचं भांडं आत घ्यायचं, नाहीतर त्यात विषारी बेडूक येऊन बसतो, हे तुला लहानपणी त्यांनीच शिकवलं. ऑगस्टमध्ये ते स्वतःच विसरले. पिंतोला मी मेस्कीटच्या काटेरी झाडाखाली पुरलं. ते अजून त्याला शीळ घालतात, आणि तो येत नाही म्हणून माझ्यावर चिडतात, "तूच लाडावून ठेवलंयस त्याला!" मी हो म्हणते. दुसरं काय म्हणू?

मेस्कीटच्या गोड शेंगा दळून पीठ करायचा दिवस आठवतो ना? सगळी वस्ती पोती घेऊन गिरणीपुढे उभी, आणि तुझे पापा एकेक शेंग मोडून बघणार. पावसाआधी झाडावरून उतरवलेल्या तेवढ्या घ्यायच्या. भिजलेल्या, भुईवरून वेचलेल्या, काळ्या ठिपक्यांच्या परत, त्यांत विषारी बुरशी धरते. माझ्या सख्ख्या भावाचं पोतंसुद्धा त्यांनी परत पाठवलं होतं. "बुरशीला नातं कळत नाही, मेहुणे!" तो वर्षभर आपल्याकडे जेवायला आला नाही.

यंदा त्यांचीच तीन पोती परत आली. शेंगा तपासायला आता शेजारच्या एल्विराची नात असते. बिचारी मान खाली घालून म्हणाली, "मावशी, या पावसानंतर वेचल्यात हो." घरी पोचेपर्यंत पापा हे विसरलेही. दोन पोती मी मागच्या ओढ्यात ओतली. दारचे भोपळे न सोडणारी रानडुकरं आली, हुंगून निघून गेली. तिसरं पोतं त्यांनी कुठे ठेवलं ते मला सापडेना. परवा स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला, धावत गेले तर ते त्याच शेंगा दळत होते.

ते पीठ या खोक्यात तळाशी आहे, निळ्या कापडात. तुझ्या रेनाताला याची धिरडी आवडतात म्हणून ते दोन दिवस पीठ चाळत बसले होते. काढून घ्यायची सोय नाही, तासातासाला खोकं उघडून बघतात. नोएमी, त्यातलं चिमूटभरही तोंडात घालू नकोस, पोरीचा हात लागू देऊ नकोस. कापडासकट फेकून दे. मग फोन कर आणि त्यांना सांग, तुमच्या नातीने तीन धिरडी खाल्ली. आज सकाळी त्यांनी घरी उरलेल्या त्याच पिठाची मलाही करून वाढली. मी खाते का ते समोर बसून बघत होते. मी खाल्ली. उद्याही वाढणार आहेत. तू लवकर ये गं, पण रेनाताला आणू नकोस.

तुझीच,
आई